पेशवाईहून धाकटा समुद्र

महादजी शिंदे वानवडीच्या छावणीत वारले ते १७९४ साल. त्याच वर्षी जुलै महिन्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली काही माणसं जोसेफ व्हिडबी या अधिकाऱ्याबरोबर होड्या वल्हवत अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याचा नकाशा काढत होती. आइसी सामुद्रधुनीत उत्तरेकडचा किनारा एका जागी किंचित आत गेलेला त्यांना दिसला. आत जेमतेम आठ किलोमीटर पाणी होतं आणि त्यापुढे या काठापासून त्या काठापर्यंत बर्फाची भिंत होती. होड्या तिथूनच मागे फिरल्या.

आज त्या भिंतीच्या जागी शंभर किलोमीटरहून लांब खाडी आहे. तिचं नाव ग्लेशियर बे. मोठमोठी प्रवासी जहाजं तिच्या टोकापर्यंत जातात. पानिपताच्या आगेमागे, म्हणजे १७५०च्या सुमारास, हा बर्फ सर्वांत पुढे आला होता, आणि मग तो इतक्या झपाट्याने मागे सरला की १८७९मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्युर तिथल्या मूळनिवासी ट्लिंगिट वाटाड्यांबरोबर नावेतून इथे आला तेव्हा पन्नासेक किलोमीटर तरी समुद्र मोकळा झाला होता. शनिवारवाडा उभा राहिला तेव्हा ही खाडी नव्हती. क्रूझच्या जाहिरातींमध्ये हा प्रदेश आदिम, अस्पर्श, माणसाविना असा रंगवलेला असतो. प्रत्यक्षात तो ताजा आहे आणि त्याला माणसं आहेत. तिथे जाणाऱ्याने हे दोन्ही आधी समजून घेतलं, तर त्याला दुप्पट दिसेल.

२०२५च्या जूनमध्ये नाशिकचं एक जोडपं या खाडीत जाऊन आलं. नावं छापू नका, असं दोघांनीही सांगितलं. बाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मुलगी सिएटलजवळ राहते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या संगणक कंपन्यांनी जी मराठी घरं तिकडे नेली, त्यांपैकी एक. आईवडील आले की अलास्काची क्रूझ दाखवायची, ही तिथल्या मराठी मंडळींत आता रीतच झाली आहे. सात रात्रींचा प्रवास, सिएटलहून निघून सिएटललाच परत. त्याचा हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत.

तिकीट काढताना यजमानांना एका गोष्टीचं नवल वाटलं. जहाज अमेरिकेतून निघणार, अमेरिकेतली गावं दाखवणार, अमेरिकेतच परतणार, मग कॅनडाचा व्हिसा कशाला? उत्तर १८८६च्या एका कायद्यात आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने परदेशातल्या एखाद्या बंदराला न लागता अमेरिकेतल्या दोन बंदरांदरम्यान प्रवासी नेऊ नयेत, असा तो कायदा. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी नोंदणीची असतात. म्हणून शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबायचं. महासाथीत कॅनडाने बंदरं बंद केली तेव्हा अमेरिकेच्या संसदेला २०२१मध्ये खास कायदा करून तात्पुरती सूट द्यावी लागली. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेत पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा, दोन्ही हातात असल्याशिवाय पैसे भरू नयेत. मुलीने हे वेळेवर पाहिलं होतं.

जहाजावरचा पहिला दिवस नुसत्या पाण्याचा. बाईंच्या शब्दांत, "जेवणाचं आणि झोपेचं गाव." दुसऱ्या दिवशी नाश्त्याला टेबलापाशी आलेल्या मुलाने त्यांची साडी पाहिली आणि विचारलं, "आंटी, महाराष्ट्रातून का?" मुलगा गोव्यातल्या सासष्टीचा. बाप तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, काकाही तारवटी. दुपारी त्याने स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगून यादीत नसलेलं साधं वरण आणि भात आणून ठेवला.

गोव्याच्या तारवट्यांचा इतिहास या थंड पाण्यातल्या सहलींपेक्षा कितीतरी जुना आहे. ब्रिटिश आगबोटींच्या काळापासून सासष्टी आणि बार्देशातली माणसं खानसामे, वाढपी, वादक म्हणून जहाजांवर जात आली. मुंबईत जहाजाची वाट बघत राहायला धोबीतलावाच्या आसपास गावागावांचे कूड निघाले, त्यांतले काही अजूनही आहेत. आज त्या घरांतली नवी पिढी क्रूझ जहाजांवर फिलिपिनो आणि इंडोनेशियन सहकाऱ्यांच्या जोडीने राबते. करार सहा ते नऊ महिन्यांचा आणि आठवड्याची सुटी नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे त्या चौकटीत राहूनही कामाचा दिवस किती लांबू शकतो, याचा हिशेब वाचकाने करावा. ग्लेशियर बेच्या दिवशी हा मुलगा खालच्या मजल्यावर जेवणघरात होता. त्याने बर्फ पाहिला तो ताटं उचलता उचलता, खिडकीतून. अलास्कावरच्या प्रवासवर्णनांत ही माणसं क्वचितच येतात, म्हणून इथे हे लिहायलाच हवं.

पहिलं बंदर जुनो, अलास्काची राजधानी. तिथे रस्त्याने जाता येत नाही, विमानाने जा नाहीतर जहाजाने. वस्ती सुमारे ३२,०००, आणि २०२३च्या हंगामात जहाजांनी आणलेले प्रवासी सोळा लाखांच्या वर. या गर्दीपुढे गाव हतबल बसून राहिलं नाही. जहाज कंपन्यांशी करार करून २०२४पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, अशी मर्यादा त्याने घालून घेतली. शनिवारी जहाजं नकोतच, असाही प्रस्ताव त्याच वर्षी मतदानाला आला. तो पडला, पण तो मांडला गेला हेच महत्त्वाचं. महाबळेश्वर किंवा लोणावळ्याच्या रहिवाशांना सुटीच्या गर्दीवर कधी असं मत देता आलं असतं, तर काय निकाल लागला असता? यजमानांना मात्र दुसरीच गोष्ट भावली. बंदराला लागलेल्या जहाजाने इंजिनं बंद करून किनाऱ्यावरून वीज घ्यायची, ही सोय क्रूझ जहाजांसाठी जगात प्रथम जुनोतच झाली, २००१मध्ये. आणि ती वीज जलविद्युत.

गावापासून वीसेक किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. सगळे प्रवासी तिच्या तोंडाकडे आणि शेजारच्या धबधब्याकडे बघत होते. यजमान मात्र पाठ फिरवून नदीकडे बघत उभे राहिले. बाई सांगतात, "मी म्हटलं, अहो, हिमनदी इकडे आहे. तर म्हणाले, अगं, पूर तिकडून जातो."

त्यांनी निघण्यापूर्वीच वाचून ठेवलं होतं. मेंडेनहॉलच्या कुशीत, वरच्या अंगाला, सुइसाइड बेसिन नावाचा खोलगट भाग आहे. तिथे पूर्वी तिची एक उपनदी, तीही बर्फाचीच, येऊन मिळायची. ती आक्रसून मागे गेली आणि मागे राहिला तो रिकामा कटोरा. उन्हाळ्यात त्यात वितळलेलं आणि पावसाचं पाणी साठतं. त्याला बांध असतो खुद्द मेंडेनहॉलच्या बर्फाचा. पाणी पुरेसं चढलं की ते बर्फाखालून वाट काढतं आणि सारा साठा एक-दोन दिवसांत नदीत उतरतो. २०११पासून हे होत आलं आहे. ऑगस्ट २०२३मध्ये नदीने काठ खरवडून नेले आणि काही घरं पाण्यात गेली. ऑगस्ट २०२४मध्ये पातळी १५.९९ फुटांवर पोचली आणि तीनशेच्या आसपास घरांचं नुकसान झालं.

धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडायचा आणि त्यामुळे खाली कुठल्या पेठेत पाणी शिरेल, हाच ज्यांच्या नोकरीतला पावसाळा होता, त्यांना यात पर्यटनापेक्षा ओळखीचं काही दिसलं तर नवल नाही. नाशिकला गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून मोजतात, गुडघ्याला लागला की छातीला. पण गंगापूर धरणाला दारं आहेत, दारांवर माणूस आहे, त्या माणसाला फोन येतो. इथल्या धरणाला दार नाही आणि त्याची भिंत दर वर्षी पातळ होते. त्यांना लगेच सिक्कीम आठवलं. जुनोच्या २०२३च्या पुरानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३मध्ये, दक्षिण ल्होनाक हिमतळं फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि कितीतरी माणसं दगावली. जुनोतल्या पुरात घरं गेली पण जीव वाचले, कारण खोलगटातली पातळी सतत मोजली जाते आणि तो आकडा कुणालाही घरबसल्या दिसतो. यजमानांनी तिथेच उभं राहून मोबाइलवर त्या मापन केंद्राचं पान उघडलं आणि खूण करून ठेवली.

त्यानंतर ग्लेशियर बे. या खाडीत दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. परवाने राष्ट्रीय उद्यान सेवा देते आणि सगळ्याच कंपन्यांकडे ते नसतात. तिकीट घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच, खोलीला सज्जा आहे का हा नव्हे. सकाळी तोंडाशी जहाजाचा वेग कमी होतो, एक लहान नाव बाजूला येते, दोराच्या शिडीवरून उद्यानाचे रेंजर चढून वर येतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून खाडीची माहिती सांगतात. देवमासे असण्याची शक्यता असलेल्या भागात वेग तेरा नॉटपर्यंत खाली आणावा लागतो. या नियमामागे दुःखद कारणही आहे. 'स्नो' नावाने ओळखली जाणारी गर्भार कुबडी देवमासी २००१मध्ये एका क्रूझ जहाजाच्या धडकेने मेली. तिचा सुमारे चौदा मीटरचा सांगाडा आता उद्यानाच्या मुख्यालयापाशी, बार्टलेट कोव्हला मांडून ठेवला आहे. कुबडे देवमासे हिवाळा हवाईच्या कोमट पाण्यात काढतात आणि पोट भरायला हजारो किलोमीटर पोहून इथे येतात. आपल्या वाटेत अडीच हजार माणसांचं हॉटेल येईल, हे त्यांच्या हिशेबात कुठून असणार?

बाई पहाटे चारलाच डेकवर होत्या. जूनमध्ये तिथे अठरा तास दिवस असतो, त्यामुळे उजेडाची अडचण नव्हती. थंडी सात-आठ अंश, पण वारा बोचरा. साडीखाली गरम पायजमा, वर मुलीचं जाकीट, कानाला मफलर. त्यांनी पाहिलं ते असं. खाडीच्या तोंडाशी दोन्ही काठांवर घनदाट सूचिपर्णी जंगल. जसजसं जहाज आत जातं, तसतशी झाडं लहान होत जातात. स्प्रूस संपतात, कॉटनवूड लागतात, मग आल्डरची खुरटी गर्दी, मग नुसतं शेवाळं आणि ड्रायसचे गालिचे, आणि शेवटी उघडा खडक. तोंडाशी बर्फ हटून अडीचशेच्या आसपास वर्षं झाली, टोकाशी थोडीच. म्हणजे एका दिवसात जहाज अडीचशे वर्षं उलटी चालतं. जमीन मोकळी झाल्यावर तिच्यावर रान कसं चढत जातं, हे पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांत उरकलेलं असतं. इथे ते काठाकाठाने क्रमाने मांडलेलं होतं.

हे प्रथम नीट ओळखलं विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने. १९१६मध्ये त्याने नुकत्या उघड्या पडलेल्या जमिनीवर छोटे चौकोन आखले आणि त्यांत काय उगवतं त्याची नोंद सुरू केली. आल्डर हवेतला नायट्रोजन जमिनीत उतरवतं आणि पुढच्या झाडांसाठी भुई तयार करतं. या खाडीला संरक्षण मिळावं म्हणून कूपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला आणि १९२५मध्ये ती राष्ट्रीय स्मारक झाली, १९८०मध्ये राष्ट्रीय उद्यान. शंभर वर्षांनी, २०१६मध्ये, त्याचे चौकोन पुन्हा शोधून काढून मोजणी पुढे चालू झाली. एका माणसाने आखलेले चौकोन शतकाने कुणीतरी हुडकून पुन्हा मोजावेत, यात विज्ञानाची जी निष्ठा दिसते ती बर्फाच्या कड्याइतकीच पाहण्याजोगी आहे. बाईंनी रेंजरला या चौकोनांबद्दल इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने बोटाने काठ दाखवत नकाशाच समोर धरला.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बर्फाचं ओझं उतरल्यामुळे इथली जमीन अजून वर येते आहे, काही जागी वर्षाला तीन सेंटिमीटरच्या आसपास. जगभर समुद्राची पातळी चढत असताना इथल्या किनाऱ्यावर नवी जमीन उघडी पडते.

यजमान पाण्याकडे बघत होते. आतलं पाणी दुधी, हिरवट. "अगं, गाळ बघ किती आहे." हिमनदी खडक दळत पुढे सरकते आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. धरणं गाळाने भरताना ज्याने पाहिली आहेत, त्याला निळ्या बर्फाआधी हे दिसणारच.

खाडीच्या टोकाला दोन हिमनद्या शेजारी शेजारी आहेत. मार्जरी निळी, टोकदार, सुमारे दीड किलोमीटर रुंदीची, पाण्यावर वीस-पंचवीस मजले उंच. फोटो तिचेच निघतात. तिच्या बाजूला काळपट मातीचा ढिगारा पसरल्यासारखं काहीतरी दिसतं, तिकडे फारसं कुणी वळत नाही. ती ग्रँड पॅसिफिक. व्हिडबीच्या होड्या अडवणाऱ्या बर्फाच्या महालोटातला मोठा वाटा तिचाच होता. आता ती आक्रसली आहे आणि अंगावर हिमोढाची माती वागवत पडून आहे. बाई तिच्याकडे बराच वेळ बघत होत्या. फळ्यावर हिमोढ, लोंबती दरी, हिमगव्हर यांच्या आकृत्या वर्षानुवर्षं काढल्या होत्या. "मुलांना मी सांगायची, हिमनदी पांढरी दाखवा. काळी रंगवली असती एखाद्याने, तर मी गुण कापले असते."

कप्तान जहाज मार्जरीसमोर थांबवतो आणि जागच्या जागी सावकाश फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांना समोरासमोर दर्शन होतं. मात्र उघडा डेक सर्वांना सारखाच खुला असतो आणि सगळ्यांत चांगलं तिथूनच दिसतं. कडा तुटतो तेव्हा आधी दिसतो तो पडणारा तुकडा, आवाज मागाहून येतो, गडगडत. त्या दिवशी चार-पाच वेळा कडा तुटला आणि लोकांनी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. समुद्राला मिळणारी हिमनदी अशीच तुटत राहते, तो तिचा स्वभाव आहे, त्यात लगेच शोक करण्यासारखं काही नाही. पण पाठीमागून जेवढा बर्फ येतो त्याहून जास्त पुढे जातो, तेव्हा ती आटत जाते. या उद्यानातल्या बहुतेक हिमनद्यांचं आज तेच चाललं आहे. खाडी उघडली ती मुख्यतः छोट्या हिमयुगाच्या शेवटामुळे, कारखान्यांच्या धुराआधी. आजचं वितळणं मात्र आपल्या काळाचं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच बोलायला हवं, नाहीतर दोन्हींबद्दल खोटं बोललं जातं.

शेजारची जॉन्स हॉपकिन्स खाडी जून महिन्यात क्रूझ जहाजांना बंद असते. तिथे तरंगत्या बर्फावर सील पिल्लं घालतात. काही प्रवासी कुरकुरले. ती कुरकुर अस्थानी होती.

इथवर माणसं आली ती रेंजर, शास्त्रज्ञ आणि प्रवासी. दुसऱ्या दिवशी जहाज हूना गावाजवळ लागलं आणि गोष्टीचा उरलेला, खरं तर पहिला, भाग समोर आला. बर्फ पुढे सरकला तेव्हा तो रिकाम्या जमिनीवर सरकला नव्हता. आज जिथे खाडी आहे त्या खोऱ्यात हूना ट्लिंगिटांच्या कुळांची गावं होती, सामन माशांचे ओहोळ होते. बर्फाने त्यांना हुसकलं. त्यांच्या परंपरेत सांगतात की एकांतवासात ठेवलेल्या वयात आलेल्या एका मुलीने हिमनदीला हाक मारली आणि ती धावत्या कुत्र्याच्या वेगाने गावावर आली. सगळे होड्यांत बसून निघाले, एक जण मागे राहिली. कुणी सांगतं ती मुलगी, कुणी सांगतं तिची आजी. ट्लिंगिट रीतीप्रमाणे अशी कथा कुळाच्या मालकीची असते, म्हणून ती इथे एवढीच. भूशास्त्र आणि ही कथा घटनेच्या काळाबद्दल एकमेकांना दुजोरा देतात.

बर्फ हटल्यावर ही माणसं सीलची शिकार करायला, बोरं वेचायला, समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करायला खाडीत परत येऊ लागली. आणि मग १९२५चं ते स्मारक झालं. ज्या नियमांनी निसर्ग वाचवला, त्यांनीच त्यांची वहिवाट तोडली. अंडी गोळा करण्याची मुभा अमेरिकेच्या संसदेने कायदा करून दिली ती २०१४मध्ये. बार्टलेट कोव्हला चारही कुळांचं मिळून देवदाराचं घर उभं राहिलं ते २०१६मध्ये, उद्यान सेवेच्या सहकार्याने. मेळघाटातून किंवा ताडोबातून ज्यांची गावं उठवली गेली, त्यांच्या गोष्टीशी ताडून पाहण्यासारखा हा प्रवास आहे, फक्त तिकडे परतीचा अर्धा रस्ता तरी चालून झाला आहे.

हूनाजवळचं आइसी स्ट्रेट पॉइंट हे बंदर जहाज कंपनीचं नाही. १९७१च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या, स्थानिक ट्लिंगिटांच्या हूना टोटेम कॉर्पोरेशनच्या मालकीचं ते आहे. १९१२चा सामन डबाबंद करण्याचा जुना कारखाना दुरुस्त करून २००४पासून तिथे जहाजं घेतली जातात. बाईंनी आणि यजमानांनी तारेवरून घसरण्याचा खेळ सोडला, यंत्रांचं संग्रहालय पाहिलं आणि गावातली पायवाट धरली. वाटेत भेटलेल्या एका वृद्ध बाईने विचारलं, कुठून आलात? नाशिक सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, तुमची नदी कुठली? यजमान म्हणतात की साऱ्या प्रवासात त्यांना एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुढची वीस मिनिटं दोघं नद्यांवर बोलत राहिले. एकाचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातलं, दुसरीचं तिथल्या किनाऱ्याचं.

पुढच्या बंदराला, केचिकनला, पाऊस पडत होता, तो तिथे बहुधा पडतोच. व्हिक्टोरियात कायद्यापुरता मुक्काम झाला, संध्याकाळचा.

जुलैअखेर दोघं नाशिकला परतले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुइसाइड बेसिन पुन्हा फुटायला लागल्याची सूचना आली. यजमान रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर मेंडेनहॉल नदीचा आलेख बघत बसले. १३ ऑगस्टला पातळी १६.६५ फुटांवर गेली, तोवरच्या नोंदीतली सर्वांत उंच. पण या वेळी शहराने नदीकाठाने जाळीच्या पेट्यांत वाळू भरून तात्पुरता बांध घातला होता, आणि काही ठिकाणी पाणी झिरपलं तरी त्याच्यामागची बहुतेक घरं वाचली. यजमानांनी त्या आणि आदल्या वर्षाचे आलेख शेजारी शेजारी छापून घेतले आणि खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला दाखवायला नेले. त्यांच्या मते पेट्यांचा बांध दोन-तीन हंगामांच्या वर भरवशाचा नाही. वरचं पाणी बोगद्याने आधीच काढून घ्यावं लागेल, आणि बर्फाची भिंत दर वर्षी बदलत असताना त्या बोगद्याचं तोंड कुठे ठेवायचं, यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.